भाऊ, मान हलवत राहा!

दवाखान्यात पेशंट जमायला वेळ लागतो, किस्से मात्र पहिल्या दिवसापासून जमतात! चामोर्शीत मी ॲक्युपंक्चरचं क्लिनिक टाकलं त्याचा हा अनुभव. निम्मे पेशंट जुन्या मानदुखीचे. जन्मभर डोक्यावरून ओझी वाहिल्यावर दुसरं काय दुखणार?

माझ्या मदतीला ज्योती. गुणी, हसरी पोर, पण तेव्हा जरा कोमेजलेली. राजुऱ्याकडच्या कोळसा खाणीत कामाला असलेल्या एका मुलाशी तिला लग्न करायचं होतं आणि तिचे वडील देवाजीभाऊ काही केल्या ‘हो’ म्हणत नव्हते.

*

कुरखेड्याहून लेकीकडे आलेली एक आजी. मी पाकिटातून सुई काढली तशी ती दचकून म्हणाली, "बाई, औषध भराचं भुलल्या का?"

"आजी, या सुईत औषध नसतं."

"नुसती सुईच टोचाची होती तं मंग घरी गोधडी शिवाची होती ना!"

*

कधी कधी सुईसोबत शेक देतात. जडीबुटीची जाड कांडी पेटवायची आणि मानेजवळ धरायची. बिडीचा तेंदूपत्ता तोडून आलेले एक काका तो धूर बराच वेळ हुंगत पडले होते. शेवटी राहवेना.

"बाई, मानेले कायले वाया घालवता? एक झुरका इकडं द्या!"

*

आणि बाजाराच्या दिवशी आलेले एक भाऊ! मानेत सुया लावून त्यांना बसवलं. मी आत गेले, बाहेर आले, तर खुर्ची रिकामी! ज्योती धावली आठवडी बाजारात. भाऊ सुया मिरवत सुक्या झिंग्यांचा भाव करत होते.

"अवो भाऊ, सुया आहेत ना मानेत!"

"माहीत हाये. पण तुमची ट्रीटमेंट होईस्तोवर झिंगे सरले असते!"

दुसऱ्या दिवशी झिंगेवालीच क्लिनिकमध्ये हजर. "त्या भाऊले लावल्या, तशाच मले लावा!"

*

आता देवाजीभाऊ. धानाची पोती वाहून त्यांची मान पार आखडलेली. ज्योतीनं त्यांना अक्षरशः ओढत आणलं.

मी सुई लावली हाताच्या पाठीवर.

"दुखते मान, अन् टोचता हात?" भाऊ उखडले.

"अशीच पद्धत आहे, भाऊ. मी सुई हळूहळू फिरवते, तुम्ही मान वर-खाली करा. थांबायचं नाही!"

भाऊंनी सुरू केलं. वर, खाली. वर, खाली. ज्योती समोर येऊन उभी राहिली.

"बाबा, राजुऱ्याचे लोक रविवारी येतो म्हणून राह्यले. येऊ द्यू?"

वर, खाली.

"मंग लग्नाले हो ना?"

वर, खाली!

बाकावरच्या पेशंटांनी टाळ्याच पिटल्या. भाऊ लालबुंद!

"हो कुठी म्हणून राह्यलो मी? मी तं मान हलवून राह्यलो! बाई, थे सुई काढा पयले!"

मी घाईनं सुई काढली. मला ज्योतीकडे बघवेना.

"बाबा, आता सांगा," ती कशीबशी म्हणाली.

भाऊंनी मान डावीकडे नेली. मग उजवीकडे. ज्योतीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मस्त फिरून राह्यली वो बाई!" भाऊ मला म्हणाले. मग लेकीकडे बघितलं आणि मान वर-खाली करायला लागले.

"भाऊ, झालं, आता थांबा," मी म्हटलं.

"तुम्ही मंधात बोलू नका, बाई!"