विश्वाचं वजन अजून झालेलं नाही

श्री. धोंडिबा सोनकांबळे यांची आणि माझी ओळख कांद्याच्या गोणीमुळे झाली. आमच्या सोसायटीत तेव्हा एक पद्धत होती. चार-पाच घरांनी मिळून वाशीच्या होलसेल मार्केटमधून एक अख्खी गोणी आणायची आणि जिन्याखाली बसून वाटून घ्यायची. त्या शनिवारी बाबांबरोबर मी गेले होते. मी दहावीत होते, इंग्लिश मीडियममध्ये, आणि स्वतःला भयंकर हुशार समजत होते. काखेत लायब्ररीचं एक इंग्लिश पुस्तक होतं, विश्वाचा जन्म आणि शेवट यावरचं. काट्यापाशी खाकी शर्टातले एक गृहस्थ वजनं बोलत होते. हे मार्केटमधले मापाडी, म्हणजे माल तोलून मोठ्या आवाजात वजन सांगणारे. त्यांनी माझ्या पुस्तकाच्या कव्हरकडे बघितलं आणि आमची गोणी काट्यावर चढत असतानाच विचारलं, "काय ठरलं मग? विश्व ओपन का क्लोज्ड?"

मी गारच पडले. तरी ठसक्यात म्हटलं, "क्लोज्ड. एक दिवस सगळं परत गोळा होणार."

"कोण म्हणालं?"

"पुस्तकात आहे."

"वजन केलं का कुणी?"

बाबा हसले. सोनकांबळे काका हसले नाहीत. त्यांनी गोणीचं वजन सांगितलं, मागून बारदानाचं, म्हणजे रिकाम्या गोणीचं वजन वजा केलं आणि मला म्हणाले, "पुस्तक संपलं की ये. मी पण वाचलंय ते. डिक्शनरी घेऊन, आठ महिने लागले."

काकांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाच्या संपादक समितीने मला पत्र पाठवलं, त्यात लिहिलं होतं की लेखाचा सूर प्रसन्न असावा. सॉरी. माझा नाहीये. का नाहीये ते सांगते, पण आधी काका कोण आहेत ते सांगायला हवं, कारण पेपरात फोटो आल्यापासून सगळ्यांना ते 'आपले' वाटायला लागलेत आणि माहिती कुणालाच नाही.

काका मराठवाड्यातले. निजामाच्या राज्यात शाळा, त्यामुळे शिक्षण उर्दूत, तेही सातवीपर्यंत. घरचे सगळे बौद्ध झाले तेव्हा काका ऐन तरुण होते. ते म्हणतात, त्या दिवसापासून एक सवय लागली, कुणी सांगितलं म्हणून मान हलवायची नाही. मग मुंबईला आले, मार्केटमध्ये मापाडी झाले, आणि मार्केट खाडी ओलांडून वाशीला आलं तसे तेही आले. तुर्भ्याला एका खोलीत राहतात. रद्दीवाल्याकडून जुनी इंग्लिश सायन्स मॅगझिन्स घेतात. मी इंग्लिशमध्ये शिकले म्हणून मला वाटायचं की मी त्यांना समजावून सांगणार. झालं उलटंच.

विश्वाचा आकार मला समजला तो मार्केटच्या गाळ्यात, दुपारी, आवक संपल्यावर. काकांनी खडूने फरशीवर त्रिकोण काढला. तीन कोनांची बेरीज दोन काटकोन, हे आपल्याला माहीत असतं. मग एका लाल भोपळ्यावर काढला. तिथे बेरीज जास्त भरली. "आता तिसरा," म्हणाले, आणि गजाभाऊंना हाक मारली. गजाभाऊ साताऱ्याकडचे माथाडी, खांद्यावरून गोण्या वाहून वाहून मानेपाशी घट्टा पडलेला. मान आणि खांदा जिथे मिळतात ती जागा एका बाजूने वर चढते आणि दुसऱ्या बाजूने खाली उतरते, घोड्याच्या खोगिरासारखी. काकांनी तिथेच खडूने त्रिकोण काढायला घेतला.

"आवो काका, आवरा की! गुदगुल्या व्हायला लागल्या!"

"हालू नको गजा, विश्व वाकडं होतंय."

"मग पोरीच्या वहीत काढा! माझ्याच मानेवर कशाला बसवताय?"

आम्ही तिघंही हसत होतो, पण कोनांची बेरीज कमी भरते हे मला स्वच्छ दिसलं. काका म्हणाले, विश्व या तीनपैकी कोणत्या जातीचं आहे ते त्यात माल किती आहे यावर ठरतं. माल भरपूर असेल तर त्याची ओढ एवढी की आज दूर पळणाऱ्या गॅलक्सी एक दिवस थांबतील आणि मागे फिरतील. माल कमी असेल तर त्या पळतच राहतील, तारे विझतील, सगळं थंड होईल. बरोबर काठावर असेल तर पळणं मंदावत जाईल, पण थांबणार नाही. म्हणजे शेवटाचा प्रश्न सगळा वजनाचा आहे. आणि गंमत अशी की दिसतो त्यापेक्षा माल जास्त असावा असं गॅलक्सींच्या फिरण्यावरून वाटतं, पण तो ठेवलाय कुठे ते कुणालाच सापडत नाहीये.

"मग शेवट काय होणार, काका?"

"माहीत नाही," काका म्हणाले. इतक्या आनंदाने कुणी 'माहीत नाही' म्हणताना मी ऐकलं नव्हतं. आमच्या शाळेत त्याला शून्य मार्क होते.

मार्केटमध्ये काका कसं काम करतात ते मी पुष्कळ वेळा पाहिलंय. व्यापारी घाईत असतात. "बोला काका, बोला, किती धरू?" काटा हलत असताना काका तोंड उघडत नाहीत. एकदा एकजण वैतागून म्हणाला, "अहो, दोन किलो इकडेतिकडे झाले तर काय आभाळ कोसळणार आहे?" काका म्हणाले, "कोसळेल का नाही तेच तर शोधतोय सगळे." पण आकडा बोलले काटा थांबल्यावरच.

आता रागाची गोष्ट.

आमच्या सेक्टरच्या सांस्कृतिक मंडळाची दर वर्षी व्याख्यानमाला असते. मी कॉलेजात गेल्यावर हट्ट धरला की काकांचं व्याख्यान ठेवा. मंडळाचे तेव्हाचे सचिव आज याच ग्रंथाच्या संपादक समितीत आहेत. त्यांचं नाव मी लिहीत नाही, त्यांना कळेल. ते हो म्हणाले. त्यांनी शाळेचा हॉल मिळवला, माइक आणला, पोस्टर लावलं. हे त्यांचं श्रेय आहे आणि ते मी लिहिणारच.

हॉल भरला. मापाडी काय बोलतो ते बघायला निम्मे आले होते. काका सव्वा तास बोलले, भोपळा घेऊन. शेवटी पहिल्या रांगेतल्या एका रिटायर्ड साहेबांनी विचारलं, "ते सगळं ठीक. पण शेवट काय ते एका वाक्यात सांगा."

"माहीत नाही."

लोक हसले. साहेब मागे वळून म्हणाले, "एवढं तर मलाही माहीत नाही. मग मला कुणी हार का घातला नाही?"

काका हसू थांबेपर्यंत थांबले. मग म्हणाले, "साहेब, तुमी अजून माल काट्यावर चढवलाच नाही. मी चढवलाय आणि काटा हलतोय. दोघंबी माहीत नाही म्हणतोय, पण दोन्ही एक नाही."

मी उभं राहून टाळ्या वाजवल्या. माझ्याशिवाय सातआठ जणांनी वाजवल्या. आभार मानताना सचिव म्हणाले, "आपल्या मापाडीबंधूंनी छान प्रयत्न केला. अर्थ सांगायचं काम शेवटी आपल्यासारख्यांचंच आहे." 'आपल्यासारखे' म्हणजे कोण, ते हॉलमध्ये सगळ्यांना कळलं. काकांनाही.

त्यानंतर मंडळाची स्मरणिका निघाली. काकांचं व्याख्यान त्यात लेख म्हणून छापायचं होतं. काकांनी हाताने लिहून दिलं. प्रूफ तपासायला सचिवांनी मला दिलं, कारण इंग्लिश शब्द मला येतात. आणि इथे मी माती खाल्ली. मी मराठी हळू वाचते. अजूनही. दुसऱ्या दिवशी माझा पेपर होता. मी फक्त शास्त्रातले शब्द बरोबर छापलेत का ते बघितलं, बाकीवरून नुसती नजर फिरवली आणि खाली 'ओके' लिहून सही केली.

स्मरणिका आली. शेवटच्या परिच्छेदात काकांचं एकही वाक्य नव्हतं. त्याच्या जागी छापलं होतं की विश्व एक दिवस पुन्हा गोळा होऊन पुन्हा जन्म घेणार हे आता विज्ञानाने सिद्ध केलं आहे आणि आपल्या पूर्वजांना ते आधीच ठाऊक होतं. खाली नाव, धोंडिबा सोनकांबळे.

मी काकांबरोबर सचिवांच्या घरी गेले. दारातच बोलणं झालं.

"मी आकडा बोललो नाही," काका म्हणाले. "माझ्या नावावर कसा पडला?"

"अहो काका, शेवट चांगला गोड केलाय. लोकांना बरं वाटतं. तुमचीच शोभा वाढली."

"लोकांना बरं वाटायला मी वजन बदलू?"

"टेन्शन कसलं घेताय? स्टेज दिलं आम्ही तुम्हाला. आता प्रती वाटून झाल्या."

"कुठं कुठं वाटल्या, तेवढं सांगा."

पुढचे तीन रविवार काका, वय वर्षं सत्तावन्न, सेक्टरमधल्या बिल्डिंगचे जिने चढले. लिफ्ट नाहीत. बेल वाजवायची, स्मरणिका मागायची, शेवटच्या परिच्छेदावर रेघ मारायची, समासात लिहायचं 'हे मी म्हटलेलं नाही. शेवट माहीत नाही', सही करायची आणि थँक्यू म्हणून खाली उतरायचं. मी बरोबर होते. एका बाईंनी वर्गणीवाले समजून "साहेब घरात नाहीत" म्हणून दार लावलं. एका घरात स्मरणिकेवर भाजी निवडणं चाललं होतं, तिथे कोथिंबीर बाजूला करून सही झाली. एका आजोबांनी चहा दिला आणि खोगिराचा आकार पुन्हा समजून घेतला. आणि एका घरात बाईंनी स्मरणिका आणली, मग विचारलं, "पूर्ण नाव काय म्हणालात?" काकांनी सांगितलं. बाईंनी स्मरणिका परत आत नेली. "नंतर बघू." दार बंद. मी परत बेल वाजवायला हात उचलला, तर काका म्हणाले, "चल. त्यांचं दार आहे."

तिसऱ्या रविवारी जिन्यातच मला रडू आलं. मी सांगितलं की प्रूफवर सही माझी होती, मी वाचलंच नव्हतं. काका दोन पायऱ्या वर होते. ते खाली आले, पायरीवर बसले, मलाही बसवलं. म्हणाले, "मी पण नवीन होतो तवा एकदा काटा न बघता बोललो होतो. तोंडाला चव नव्हती आठ दिवस." मग खिशातून शेंगदाणे काढून अर्धे मला दिले, आणि आम्ही वरच्या मजल्यावर गेलो.

शाळेच्या लायब्ररीतली एक प्रत मात्र राहिली. लायब्ररीच्या पुस्तकात लिहिता येत नाही, असं सांगण्यात आलं.

आता काकांची साठी. पेपरात फोटो आला, 'विश्व तोलणारा मापाडी', आणि गौरव समिती झाली. आनंद झाला मला, खोटं कशाला बोलू. मग मागच्या महिन्यात कळलं की या ग्रंथात तो लेख पुन्हा छापणार आहेत, लायब्ररीच्या त्याच प्रतीवरून, त्याच शेवटासकट. मी मीटिंगला गेले. म्हटलं, हा शेवट खोटा आहे.

"खोटा कसा?" सचिव म्हणाले. "काकांच्या नावाने छापलेला आहे. आणि प्रूफ तर तूच पास केलंस ना, केतकी?"

सगळे माझ्याकडे बघत होते.

"हो," मी म्हटलं. "मीच केलं. म्हणून तर आलेय."

खूप वादावादी झाली. शेवटी ठरलं की लेख होता तसाच जाणार, आणि मला जे म्हणायचंय ते मी माझ्या लेखात म्हणावं. एक शब्दही बदलणार नाही, असं मी समितीतल्या तिघांकडून लिहून घेतलंय.

काकांना सांगितलं. मला वाटलं ते चिडतील. ते म्हणाले, "राग येऊ दे. पण त्यांनी जेवढं केलं तेवढंच लिही. वर एक ग्रॅम टाकू नको." म्हणून हॉल आणि माइकचं लिहिलं. नाहीतर नसतं लिहिलं.

तेव्हा वाचकहो, एक काम करा. तुमच्या हातातल्या या पुस्तकात काकांच्या नावाचा लेख काढा, शेवटच्या परिच्छेदावर रेघ मारा आणि बाजूला लिहा, 'माहीत नाही'. मग वाटल्यास सत्काराच्या टाळ्या वाजवा. ज्या माणसाला आपण हार घालतोय त्याचं म्हणणं आपल्याला गोड करून पाहिजे असेल, तर तो हार आपण आपल्यालाच घालून घेतोय.

काका, तुम्हाला भरपूर आयुष्य मिळो. गुडघे दुखू नयेत, बारीक टाइप वाचायला डोळे चांगले राहोत, रद्दीवाला चांगलं मॅगझिन तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवो. जगात कुठेतरी, कुणीतरी या विश्वाचं वजन करेलच. त्या दिवशी मी तुर्भ्याला धावत येईन आणि सगळ्यात आधी तुम्हाला सांगेन. उत्तर गोळा होण्याचं असो की विझून जाण्याचं, मला आवडो न आवडो, जे असेल ते अख्खं वाचून, तसंच्या तसं सांगेन.