नानांच्या शेवटच्या रेकॉर्डिंगची वेळ

माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही, हे आधीच सांगतो. महाडला एसटी स्टँडजवळच्या गल्लीत माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे. चकवा लागला, मागून कुणी हाक मारली, असलं काही गिऱ्हाईक सांगायला लागलं की मी विचारतो, “किती वाजले होते?” निम्म्या गोष्टी तिथेच गारद होतात. त्यामुळे हा अनुभव नेमका वेळेच्याच बाबतीत आला, याचा मला जरा रागच आहे.

जानेवारीत कुडपणहून एक काकी आल्या. पिशवीत छोटा व्हॉइस रेकॉर्डर. त्यांची मुलगी सुमनताई इंग्लंडमध्ये नर्स आहे. दीड वर्षापूर्वी जुलैत सुट्टीला आली तेव्हा तिने तो वडिलांना, म्हणजे नानांना दिला होता. घरात रेंज धड नाही, म्हणून नाना दिवसभराच्या गमती तिच्यासाठी त्यात बोलून ठेवायचे. मग मे महिन्यात एका संध्याकाळी नाना अंगणात बसल्या जागी गेले… घरात दुसरं कुणी नव्हतं.

सुमनताई व्हिडिओ कॉलवर होती. “दादा, शेवटच्या फाईलची वेळ तेवढी नीट काढून द्या. त्या दिवशी तिथल्या सहा दहाला नानांचा मला फोन आला होता. ड्युटीवर होते… उचलला नाही.” फोन मदतीसाठी होता का, हेच तिला आठ महिने खात होतं. शेवटची फाईल फोननंतरची असली, तर तेव्हाही नाना धड होते. आधीची असली, तर काहीच कळायला मार्ग नव्हता.

रेकॉर्डरला तिकडचंच घड्याळ होतं, कुणी बदललं नव्हतं. इंग्लंड आपल्या साडेपाच तास मागे, असं मी बघितलं आणि सगळ्या फाईलींना एका फटक्यात साडेपाच तास वाढवले. शेवटची आली सहा चाळीस. फोननंतर अर्ध्या तासाने! त्यात नाना हसत हसत म्हशीच्या खोड्या सांगतायत. सुमनताई रडली, पण सुटल्यासारखी रडली. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी फाईलींना नावं देत होतो. एकीत नाना म्हणाले, “बारा वाजलं, जेवतो आता.” स्क्रीनवर वेळ होती एक. आणखी दोन-तीन तपासल्या, तोच तासाचा फरक. तेव्हा माझी ट्यूब पेटली… तिकडे उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतात! आपल्याकडे ही भानगडच नाही, त्यामुळे ध्यानात आलं नाही. रेकॉर्डर जुलैत लावलेला, म्हणजे फरक साडेचारच तासांचा. मी जानेवारीचा फरक लावून मोकळा झालो होतो. दुरुस्ती केली. बाकीच्या फाईली जागच्या जागी बसल्या आणि शेवटची आली पाच चाळीस. फोनच्या आधी.

आता हे तिला कुठल्या तोंडाने सांगायचं?

सांगण्याआधी हेडफोन लावून ती फाईल पुन्हा ऐकली. अगदी शेवटी हॉर्न, एसटीची घंटी, आणि नाना म्हणतायत, “वस्तीची गाडी आली. बघतो कोण उतरतंय.”

पाच चाळीसला वस्तीची गाडी? ती तर रात्रीच्या मुक्कामाला येते. काकींना फोन लावला, तिसऱ्या खेपेला लागला.

“गाडी साडेपाचला तर पोलादपुरातून सुटते रे. वर यायला पावणेसात होतात.”

“त्या दिवशी लवकर आली असेल, काकी.”

“लवकर कशी येल? मी म्हशी घेऊन आले तवा माणसं उतरतच होती. त्यांनीच ह्यांना उचलून घरात नेलं नाय का. दुसरी गाडी येतच नाय आमच्याकडं.”

बरं, रेकॉर्डर बिघडला म्हणावं, तर त्यात दुसऱ्या दिवशी सकाळचीही एक फाईल होती. घरातल्या गर्दीत कुणाकडून तरी बटण दाबलं गेलेलं. तीत तीच गाडी परत निघताना ऐकू येते. ती सहाला सुटते. साडेचार तासांच्या हिशोबाने फाईलीवर वेळ — सहा वाजून एक मिनिट. म्हणजे आधीच्या सगळ्या बरोबर, नंतरचीही बरोबर. मधली ही एकच फाईल तासाने चुकलेली. पुण्यातल्या एका जाणकार मित्राने बॅटरी, कार्ड, सगळं तपासलं. “कळवतो,” म्हणाला. अजून कळवतोय.

सुमनताईला मी सगळं सांगितलं, माझ्या चुकीसकट. तिने एवढंच विचारलं, “गाडीतली माणसं लगेच पोचली ना त्यांच्याजवळ?”

“लगेच.”

“म्हणजे फोन सहजच लावला होता त्यांनी,” ती म्हणाली. “सहज…”

त्या फाईलीवर मी हाताने वेळ घातली आहे, सहा चाळीस. हिशोब आजही पाच चाळीसच येतो. असं का, ते मला माहीत नाही.