लेकीच्या घरचं पाणी

मखमलाबादला लग्न असो, दहावा असो की सप्ताहाच्या काल्याची पंगत, माणसं पानावर बसली की वाल्मीक विधाते बाह्या सावरून उभा राहणार आणि आमटीची बादली त्याच्या हातात जाणार, हे ठरलेलं होतं. कुणाला बुंदी जास्त लागते, कुठल्या म्हाताऱ्याला भात मोडून द्यावा लागतो, सगळं त्याला पाठ. पहिली पंगत उठायची, दुसरी उठायची, शेवटी वाढपी बसायचे, तोवर वाल्मीक मोटारसायकलला किक मारून घरी गेलेला असायचा. सात वर्षांत त्याला जेवताना कुणी पाहिलं नव्हतं. आणि आपण त्याला जेवताना पाहिलेलं नाही, हेही कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. वाढणाऱ्याच्या ताटाची चौकशी कोण करतो? 

कुणी घरी आग्रह केलाच, तर त्याचा उपवास असे. आधी सोमवार होता, मग गुरुवार धरला, पाठोपाठ शनिवार आला. चतुर्थी आणि एकादशी होत्याच. यातही एक पंचाईत होती. उपवास म्हटलं की आयाबाया साबुदाण्याची खिचडी आणि शेंगदाण्याची आमटी पुढे करायच्या, आणि ती त्याला साध्या जेवणापेक्षा जास्त छळायची. म्हणून त्यानं आपले उपवास कडक करून टाकले, पाण्याशिवाय काही चालत नाही म्हणून सांगितलं. गावानं हात जोडले. त्याला सप्ताहाच्या कमिटीत घेतलं, आणि पोरं त्याला महाराज म्हणू लागली. वाल्मीकला देवाचं एवढं काही नव्हतं. त्याला फक्त जेवायला नको होतं.

कारण जेवलं की पोट पिळवटायचं आणि पळावं लागायचं. डॉक्टरांनी कागदावर लांबलचक इंग्रजी नाव लिहून दिलं होतं. मोठ्या आतड्याला सूज होती, आत व्रण होते, रक्त पडायचं. बऱ्या दिवसांत चार वेळा, वाईट दिवसांत दहा वेळा जावं लागे, आणि प्रत्येक वेळी मिनिटाभराचीसुद्धा सवड नसे. त्यानं पहाटे फुलबाजारात जायचं सोडलं. झेंडूचे क्रेट शेजारचा मल्हारी आपल्या पिकअपमधून न्यायचा. एसटीत बसणंही सोडलं, कारण एसटी आपल्यासाठी थांबत नाही. नाशकात कुठं जायचं झालं, तर वाटेत कुठल्या पेट्रोल पंपाचा संडास उघडा असतो आणि कुठल्याला कुलूप असतं, हे तो आधी मनात जुळवायचा. एवढी माहिती महापालिकेच्या माणसालाही नसेल.

हे सगळं त्याच्या बायकोच्या दहाव्यानंतर सुरू झालं. प्रतिभाला लिव्हरचा कॅन्सर निघाला, तेव्हा हर्षाली, त्यांची एकुलती एक पोर, बारावीला होती. पेपर तोंडावर आले होते. पोरीचं वर्ष वाया जाऊ नये म्हणून नवराबायकोनं तिला सांगितलं, की कळवणची आजी आजारी आहे आणि आई महिनाभर तिच्याकडे राहणार आहे. प्रतिभा खरं तर नाशिकच्याच दवाखान्यात होती, घरापासून सात किलोमीटरवर. ती फोनवर आवाज ओढून ओढून हसत बोलायची, मग फोन खाली ठेवून भिंतीकडे तोंड करायची. अजून दोन पेपर राहिले असताना ती गेली. हर्षालीला वाल्मीकनं परीक्षेच्या हॉलबाहेरून घरी आणलं, तेव्हा आई ओसरीवर निजवलेली होती. पोर रडली, गाव रडलं. वाल्मीक रडला नाही. पाडवा चार दिवसांवर होता, झेंडू तोडणीला आला होता, आलेल्यांना चहापाणी बघायचं होतं. दहाव्याच्या रात्री पहिल्यांदा पोटात कळ आली. जेवण बाधलं असेल, असं म्हणून त्यानं ओवा खाल्ला.

त्या ओव्याला सात वर्षं झाली. हर्षाली शिकली, तिला नोकरी लागली, आणि दोन वर्षांपूर्वी तिनं दिंडोरीच्या समर्थशी लग्न ठरवलं. समर्थचं घर द्राक्षबागेवालं, पण समाज दुसरा. गावात कुजबुज झाली. वाल्मीकनं एका शब्दानं अडवलं नाही, कारण मुलगा त्याला मनापासून आवडला होता. फक्त लग्नानंतर पहिल्यांदा दिंडोरीला गेला, तेव्हा समर्थच्या आईनं, सरुबाईनं, ताट वाढायला घेतलं. परक्या घरात, व्याह्यांच्या दारात मधेच उठून पळावं लागलं तर? त्यानं पटकन तोंडातून काढलं, "आमच्यात लेकीला मूल झाल्याबिगर तिच्या घरचं पाणी पीत नाय."

हा नियम त्याच्या आजोबांच्या काळातला. आता कोण पाळतो? बापलोक लेकीकडे महिना महिना राहतात, नातवंडांबरोबर टीव्ही बघतात. पण नियम खोटा नव्हता, आणि नियमापुढे कुणाला बोलता येत नव्हतं, म्हणून वाल्मीकला तो फार सोयीचा पडला. पुढची दोन वर्षं तो दिंडोरीला जायचा, खुर्चीच्या कडेवर अर्धा तास बसायचा आणि कोरड्या तोंडानं परत यायचा. सरुबाईला वाटायचं, आमच्या घरचं ह्यांना चालत नाही. हर्षालीलाही तसंच वाटू लागलं. तोंडानं हो म्हणाले, पण मनातून माझं लग्न तात्यांना मंजूर नाही, असं तिनं समर्थला सांगितलं. समर्थनं ते कधीतरी हळूच वाल्मीकच्या कानावर घातलं, आणि त्या आठवड्यात वाल्मीकची औषधं दुपटीनं वाढली.

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं. हर्षाली तसं म्हणालीही. घरात बाईमाणूस नाही, तुझी आबाळ होईल, असं वाल्मीकनं सांगितलं. हे अर्धंच खरं होतं. घरात एकच संडास होता, आणि पोर दोन महिने राहिली असती तर तिला सगळं कळलं असतं. हर्षालीनं पुन्हा विचारलं नाही. तिला सरुबाईच्या हाताखाली मुलगी झाली.

त्याच्या महिनाभर आधी गंगापूर रोडच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला जरा जास्त वेळ बसवून घेतलं होतं. औषधं बदलून झाली होती, तरी सूज हटत नव्हती. त्यांनी विचारलं, घरी कोण असतं? वाल्मीक म्हणाला, सगळं गाव आहे. त्यांनी पुन्हा विचारलं, त्यातल्या कुणाकुणाला हे दुखणं माहीत आहे? तेव्हा वाल्मीक टेबलावरच्या काचेकडे बघत राहिला. मग बाईंनी समजावून सांगितलं, की आतड्याला स्वतःच्या नसांचं जाळं असतं. मन घाबरलं की ते जाळं आवळतं, पोट बिघडतं, आणि पोट बिघडलं की मन आणखी खचतं. दोघं एकमेकांना झोपू देत नाहीत. "हे तुम्ही मनानं आणलेलं नाही. व्रण खरे आहेत, मी कॅमेऱ्यात पाहिलेत, आणि गोळ्या घ्यायच्याच आहेत," त्या म्हणाल्या. "पण हे सगळं लपवत एकट्यानं सोसत राहिलात, तर माझं औषध एका हातानं लढतंय. पुढच्या वेळी कुणाला तरी बरोबर घेऊन या."

बाहेर येऊन तो बाकावर बसला आणि मोबाइलमधली नावं बघू लागला. मल्हारी. कमिटीचे अध्यक्ष. खतवाला. केटरिंगवाले तीन. चारशेच्या वर नावं होती, आणि त्यातल्या बहुतेकांना त्यानं कधी ना कधी वाढलं होतं. एकालाही फोन लावून, माझ्याबरोबर डॉक्टरकडं चल, मला रक्त पडतं, असं म्हणता येईना. प्रतिभाचा नंबर अजून होता. तो त्यानं काढला नव्हता. त्या बाकावर वाल्मीकला इतकं एकटं वाटलं, की नर्सनं येऊन बरं नाही का म्हणून विचारलं.

मग बारशाचा फोन आला. हर्षाली फार बोलली नाही. "तात्या, आता मूल झालंय. तुमचा नियम संपला. रविवारी जेवायला या. याही वेळी जेवला नाहीत, तर मला काय समजायचं ते मी समजेन."

शनिवार दुपारपासून वाल्मीकनं पोटात काही घातलं नाही. रविवारी पोट थांबवायची गोळी घेतली, खिशात दोन जास्त ठेवल्या. पोट रिकामं असलं की भीती कमी, हा त्याचा हिशेब. वाटेत ढकांब्याच्या पुढे एका पंपावर तो नुसताच थांबला, कुलूप नाही एवढं बघून पुढे गेला.

बारसं थाटात झालं. आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगितलं, पाठीत धपाटे खाल्ले, शर्वरी हे नाव सगळ्यांना आवडलं. वाल्मीकनं नातीला मांडीवर घेतलं, आणि त्या दहा मिनिटांत त्याला पोटाची आठवणसुद्धा झाली नाही. मग अंगणात पंगत बसायला लागली. सवयीनं तो उठला आणि आमटीच्या बादलीला हात घातला. समर्थनं ती हसत काढून घेतली. लेकीच्या बापानं व्याह्यांच्या घरी वाढायचं, हे कुठं पाहिलंय? सरुबाईनं त्याला सगळ्यांच्या मधोमध बसवलं. पुरणपोळी, कटाची लाल आमटी, भजी, कुरडया, भाताच्या मुदीवर तूप. बाळंतीण बाळाला घेऊन दाराच्या चौकटीत उभी होती आणि वाल्मीकशिवाय दुसऱ्या कुणाकडे बघतच नव्हती.

वाल्मीकनं पोळीचा तुकडा मोडला. तेवढ्यात कळ आली. रिकाम्या पोटी, काही न खाता आली. आतून कुणीतरी पिळा दिल्यासारखी. तो पानावरून उठला. एकही घास न घेता उठला. सरुबाईच्या हातातली तुपाची वाटी तशीच राहिली. त्याला ते सगळं दिसत होतं, पण थांबायला सवड नव्हती. तो फाटकाबाहेर मोटारसायकलीपाशी गेला, कारण सात वर्षांची सवय म्हणत होती, पंप गाठ. किल्ली लागेना.

हर्षाली बाळाला नणंदेकडे देऊन मागोमाग आली होती. बारा दिवसांची बाळंतीण, डोक्याला रुमाल बांधलेली, धापा टाकत. "जा तात्या," ती म्हणाली. "माझ्या सासूचा एवढा अपमान पुष्कळ झाला. परत येऊ नका."

फाटकापासून पंप चार किलोमीटर होता. तो तिथवर पोचणार नव्हता, हे त्याला कळून चुकलं. आणि पोचला असता, तरी परत यायला हे दार राहिलं नसतं, हेही कळलं. त्यानं किल्ली खिशात टाकली.

"पोरी, मला संडासला जायचंय. लय घाई हाय."

हर्षालीला आधी काही समजलंच नाही. मग तो भडाभडा बोलला. सात वर्षं झाली, आतडं सुजलंय, रक्त पडतं, कुणाच्या घरी जेवायची भीती वाटते, नियमबियम नुसतं निमित्त होतं, तुझ्या सासूच्या हातचं मला का चालणार नाही, तुझा नवरा तर मला पोरासारखा वाटतो. बोलताना तो पोट धरून वाकला होता.

तिच्या चेहऱ्यावरचा राग गेला नाही, उलट डोळे भरून वाढला. "आईच्या वेळीही मला असंच केलंत," ती म्हणाली. "सात किलोमीटरवर होती ती. आणि आता तुम्ही. मला कधी सांगणार होतात, तात्या? गेल्यावर?"

तिनं उत्तराची वाट पाहिली नाही. दंडाला धरून तिनं त्याला पंगतीसमोरून न नेता गोठ्याकडून, मागच्या दारानं आत घेतलं, मोरीपलीकडचा दरवाजा उघडून दिला आणि बाहेरून ओढून घेतला.

आत बसल्यावर वाल्मीकनं आधी नळ सोडला. कुणाच्या घरी गेलं की तो नळ सोडायचाच, म्हणजे बाहेर आवाज जात नाही. कळ ओसरली. पण ती ओसरल्यावर छातीतून दुसरंच काही वर आलं, आणि ते आवरेना. ओसरीवर निजवलेली प्रतिभा, परीक्षेच्या हॉलबाहेर कंपास हातात धरून उभी असलेली पोर, दवाखान्याबाहेरचा बाक, सगळं एकदम. त्यानं नळ आणखी मोठा केला आणि खांद्यावरच्या टॉवेलात तोंड खुपसलं.

बाहेर कुणी तरी आलं. संडास मोकळा आहे का, असं विचारलं. हर्षालीनं त्यांना दुसरीकडे पाठवलं. दाराला टेकून ती खाली बसली, ते त्याला आतून कळलं.

मग म्हणाली, "तात्या, सावकाश होऊ द्या. मी इथंच आहे, कुणाला येऊ देत नाही." आणि जरा थांबून, "नळ बंद करा. मला ऐकू येतंय तुम्ही रडताय ते. येऊ द्या रडू."

वाल्मीकनं हात लांब करून नळ बंद केला.