शामला वादळ बघायला गेली

शामला कर्णिक कुवेतमधल्या मिरकाबच्या दवाखान्यात लोकांचं रक्त तपासायची आणि घरी नवऱ्याचे शर्ट.

तसं कारणच होतं. मार्च-एप्रिलात कुवेतच्या वाळवंटावर गडगडाटी वादळं उठायची, आणि तशा शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुटीच्या दिवशी, तिचा नवरा प्रभाकर, मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीतला इंजिनिअर, डॅटसन गाडी घेऊन जहरा गावाच्या पलीकडे पसार व्हायचा. कशाला? तर म्हणे ढग बघायला! नाशिकला पोटभर पाऊस पाहिलेला माणूस ढगांमागे धावतो? परत आल्यावर काही सांगू लागला, की ही म्हणायची, "पुरे तुमचे ढग!" पण शर्टाला उंची अत्तराचा वास यायचा, त्याचं काय? शेजारच्या सुरेखाने एकदा हुंगून निकालच दिला, "बाईचं आहे गं हे." तेव्हापासून ती बाई शामलाच्या डोक्यातून जाईना. सरळ विचारायचं तिला धाडस होत नव्हतं. खरं निघालं तर संसाराचं काय करायचं?

त्र्याऐंशीच्या एप्रिलात एका शुक्रवारी सकाळीच आभाळ काळवंडलं. शामला चपला घालून दारात उभी राहिली. "मीही येते."

त्याचा चेहरा असा काही उजळला, की हिचा संशय दुप्पट झाला. नाटकी मेला!

मग दिवसभर नुसती पळापळ. सपाट माळ, डांबर संपलं की वाळूतली चाकोरी. "तो बघ, त्याचं डोकं कसं पसरलंय! तो बरसणार," म्हणत प्रभाकर गाडी वळवायचा. तिथे पोचेपर्यंत ढग विरलेला असायचा, की हा लगेच दुसऱ्याच्या मागे. शामला कसले ढग बघतेय? ती वाटेतलं एकेक घर, एकेक गाडी निरखत होती. पेट्रोलपंपावर तो कुणाशी जरा हसून बोलला, तर तेवढ्यानेही ती खिडकीतून मान बाहेर काढून बघू लागली.

दुपारी एका ढगाने त्यांनाच गाठलं. गारांनी टप फुटतो की काय असं वाटलं. प्रभाकरने वाळवंटात फिरणाऱ्या बदू लोकांच्या एका तंबूकडे गाडी घातली, अगदी रोजच्या वाटेने जावं तशी. आणि तंबूतून कोण आलं? बाई! त्याला बघून हसलीसुद्धा.

सापडली, शामला मनात म्हणाली.

जवळून बघितलं तर ती बाई, आमिना तिचं नाव, सत्तरीची होती. मागून तिचा म्हातारा आला. कॉफी झाली, खजूर झाले. निघताना म्हाताऱ्याने धूपदाणीत सुगंधी लाकडाचे तुकडे टाकले आणि धूर प्रभाकरच्या शर्टाखाली धरला. आमिनाने तो शामलाच्या पदराखाली धरला.

"पाहुण्याला असं केल्याशिवाय ही माणसं सोडत नाहीत," प्रभाकर म्हणाला.

तोच वास! शामलाला हसू आणि रडू एकदमच आलं. जीव असा हलका झाला, की गाडीत बसल्या बसल्या तिने सगळं ओकून टाकलं: शर्ट, सुरेखा, बाई.

प्रभाकरने गाडी थांबवली. "मला वाटलं, तुला एकदा तरी बघावंसं वाटलं. सकाळपासून मी त्याच आनंदात होतो." मग हळूच विचारलं, "आज तू वादळ बघायला नव्हती आलीस?"

खोटं बोलता आलं असतं.

"नाही," ती म्हणाली. "तुम्हाला पकडायला आले होते."

उजवीकडच्या माळावर एवढी मोठी वीज पडली, की काचा थरथरल्या. त्याने तिकडे मानसुद्धा वळवली नाही. गाडी सुरू केली आणि घरचा रस्ता धरला. वाटेत शामलाने दोनदा "अहो" म्हणून हाक मारली. दोन्ही वेळा त्याने गाडीचा वेग तेवढा वाढवला.