भिंगरीबाईचा जोडीचा वर्ग

"तोडायला एक हात पुरतो, टोपली उचलायला दोन लागतात." भिंगरी हे उठता-बसता म्हणायची. वर्गात, दुकानात, कुणाचं भांडण सोडवताना तर हमखास. तिची आई वैतागून म्हणे, "अगं, वाक्य मीच दिलं तुला, पण एवढं झिजवायला नव्हतं दिलं."

आई खुडणीवाली. जिथे पीक पिकेल तिथे टोळीचा संसार. कधी टोमॅटो, कधी वाटाणा, हंगाम उतरला की सफरचंदं. लेक एका बागेत जन्मली, दुसऱ्या शेतात रांगली आणि पहिला शब्द बोलली तो चालत्या ट्रकमध्ये. पाय एका जागी ठरेना, म्हणून मुकादमाने तिला भिंगरी म्हटलं आणि तेच नाव चिकटलं. घरची बोली एक, शाळेची भाषा दुसरी. किती शाळांत ती मुकी ठरून मागच्या बाकावर बसली. पण मुकी कसली? मुंगी साखर नेते तशी ती दोन्हीकडचे शब्द साठवत होती. शिकत गेली, आणि टोळी दर हंगामाला जिथे उतरते त्याच गावच्या शाळेत बाई होऊन उभी राहिली. त्या दिवशी आईने अख्ख्या शेताला ऐकू जाईल असं नाक शिंकरलं. रडत नव्हती म्हणे, धूळ होती.

भिंगरीने वर्ग मांडला तो शेतासारखा. बाकावर एक मूल गावचं, एक टोळीचं. दोघांत एक पुस्तक. डाव्या पानावर गावची भाषा, उजव्यावर टोळीची, गोष्ट तीच. टोळीत ज्याच्या वाट्याची झाडांची सरी आधी संपते तो बांधावर बसत नाही. मागे राहिलेल्याला हाक मारून लाजवतही नाही. गुपचूप त्याच्या सरीच्या दुसऱ्या टोकाला जातो आणि खुडत खुडत समोरून येतो. मधे गाठ पडली की सरी संपली. वर्गातही तोच कायदा.

गावाला हे काही पचेना. बेकरीवाला सगळ्यांत पुढे. "खुडणीवाल्यांची बोली शिकून आमची पोरं काय खुडायला जाणार आहेत?" शेवटी हेडसरांनी निकालाचा दिवस ठरवला. मुलांनी पालकांसमोर वाचायचं. अडली, तर वर्ग बंद. आणि बाईंनी तोंड उघडायचं नाही.

त्या दिवशी आई शेतावरून तशीच आली. हात घासघासून धुतले होते, पण टोमॅटोच्या झाडाचा हिरवा डाग साबणाला दाद देत नाही. जागा मिळाली ती नेमकी बेकरीवाल्याच्या शेजारी. तिला गावची भाषा कळत नव्हती. ती फक्त लेकीचा चेहरा वाचत होती.

मुकादमाची नात उभी राहिली. हरवलेल्या बकरीची गोष्ट, गावच्या भाषेत. दोन-तीन वाक्यं खणखणीत गेली आणि मग पोरगी अडली. ओठ हलतात, आवाज नाही. मागे खुर्च्या करकरल्या. भिंगरीने हात पाठीमागे घट्ट धरले. आईने आयुष्यात वीस ट्रक बदलले, पण ती इतकी कधी घाबरली नव्हती.

तेवढ्यात बाकावरची दुसरी उठली. बेकरीवाल्याची लेक. तिने उजव्या पानाचं शेवटचं वाक्य वाचलं, टोळीच्या बोलीत. मग त्याच्या वरचं. मग त्याच्याही वरचं.

आईला एकदम सगळं कळायला लागलं. बकरी आधी घरी आली, मग विहिरीपाशी सापडली, मग काट्यात अडकली! मागे उभी असलेली टोळी खो खो हसली. मुकादम ओरडला, "पोरी, अशानं बकरी हरवायचीच नाही!"

हसता हसता मुकादमाच्या नातीला अडलेलं वाक्य सापडलं. ती वरून निघाली, दुसरी खालून येतच होती. एक वाक्य हिचं, एक तिचं. पानाच्या मध्यावर, बकरीने दावं तोडलं त्या जागी, दोघी एकदमच पोहोचल्या आणि आपल्याच आवाजांनी दचकल्या. आई खुर्चीवरून कधी उठली ते तिलाही कळलं नाही.

बेकरीवाला लेकीकडे बघतच राहिला. "हिनं ही बोली कधी उचलली?"

आईने त्याच्या चेहऱ्यावरून प्रश्न ओळखला आणि आपल्या बोलीत ठणकावलं. भिंगरीने हसत अर्थ सांगितला, "आई म्हणते, बोलणं अजून कच्च्या टोमॅटोसारखं आहे. पण पिकेल."

"मग पिकू द्या," बेकरीवाला म्हणाला. "हेडसर, अर्धं कच्चं पोर मी घरी नेणार नाही. वर्ग चालू ठेवा."

हेडसरांनी इतर पालकांकडे पाहिलं. एकेक करून सगळ्यांनी होकाराची मान डोलावली. "चालू," ते म्हणाले. "पण बाई, बाकांची टोळीकडची बाजू अर्धी रिकामी आहे. भरणार कशी?"

भिंगरी तोवर दाराकडे वळलीही होती. वाटाण्याच्या शेतावर सकाळीच नवी टोळी उतरली होती.

"अगं, पाणी तरी पी," आई म्हणाली.

"पोरं कामाला लागायच्या आत गाठते, आई. आलेच."

ती पायऱ्या उतरली, फाटक ओलांडून शेताच्या वाटेला लागली. चालता चालता पळायलाच लागली. अंबाडा सुटला, तो बांधायलाही थांबली नाही. आई पायरीवर उभी राहून बघत होती. शेजारी बेकरीवाला येऊन उभा राहिला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. आईने हिरव्या बोटाने वाटेकडे दाखवलं, मग अभिमानाने स्वतःकडे. त्याने मान डोलावली. भिंगरी वाटाण्याच्या वेलांआड दिसेनाशी झाली, तरी आई जागची हलली नाही.