रजेवर असताना दिलेली परवानगी

बोईसर पोलीस ठाण्यात असताना तपासलेली एक चोरी अजून माझ्या मनातून गेलेली नाही. नव्वदच्या दशकाचा शेवट होता. औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कारखान्याचे व्यवस्थापक फिर्याद घेऊन आले. प्रयोगशाळेच्या स्टोअरमधून एका महागड्या काळ्या पावडरीच्या बाटल्या गेल्या होत्या. औषध बनवताना लागणाऱ्या त्या पावडरीला सोन्यासारखा भाव होता.

कुलूप तुटलेले नव्हते, कारण कुलूपच नव्हते. दाराला कार्ड लावायचे, आणि कोणाच्या कार्डाने कोणते दार उघडायचे ते कॉम्प्युटर ठरवायचा. व्यवस्थापकांनी छापील कागद पुढे केला. गेटवर पाहुण्यांना मिळणाऱ्या एका कार्डाला स्टोअर उघडण्याची परवानगी तिथल्या केमिस्ट बाईंच्या नावाने दिली गेली होती. ते कार्ड कोणी नेले, याची गेटवर नोंद नव्हती.

"अटक करा," ते म्हणाले.

"त्या दिवशी त्या कामावर होत्या?"

"रजेवर होत्या. म्हणजे पासवर्ड साथीदाराला दिला असणार."

बाई शिरगावच्या, फळझाडांच्या वाडीवाल्या घरातल्या. महिला शिपायासमोर मी त्यांचा जबाब घेतला. त्या रडल्या नाहीत, उलट चिडल्या होत्या. "पासवर्ड मी आईलासुद्धा सांगितलेला नाही. सांगायचाच असता, तर माझ्याच नावाने चोरी कशाला करू दिली असती?" बाहेर त्यांचे वडील उभे होते. हात जोडून म्हणाले, "सायेब, पोरीची पिशवी गेटवर सगल्यांदेखत उलटी केली. दोन घास पोटात जात नाय तिच्या. ती चोर नाय."

चोराचे वडीलही असेच बोलतात, त्यामुळे त्यावर मी विसंबलो नाही. पण बाईंचा प्रश्न डोक्यात राहिला.

त्याच आठवड्यात एका खबऱ्याने बातमी आणली. तो वसाहतीत वेल्डिंगची कामे करायचा. "साब, एक ठेकेदार भंगारवालों से पूछता फिरता है, काला पाउडर कौन खरीदेगा." ठेकेदारावर साध्या वेशातला माणूस ठेवला. लगेच उचलला असता तर पावडर सापडली असती, पण दार कसे उघडले ते कळले नसते. आणि मला तेच कळायला हवे होते.

मी कारखान्यात गेलो आणि कॉम्प्युटर विभागाच्या प्रमुखांना विचारले, "माणूस रजेवर गेला की त्याचे काम कोण करतो?"

"त्याची सोय आहे. हजेरी ठेवणारा टाइम ऑफिसचा कारकून त्याच्या जागी बसू शकतो. म्हणजे कॉम्प्युटर त्याला तोच माणूस समजतो."

"कोणाच्याही जागी?"

"नाही, नाही. फक्त गेटवरच्या लोकांच्या."

"दाखवा."

त्यांनी कारकुनाच्या खात्यातून यादी उघडली. यादीत कारखान्यातले एकूण एक नाव होते. सगळ्यांत वर व्यवस्थापकांचे.

"हे नाव घ्या," मी म्हटले. कॉम्प्युटरने पासवर्ड विचारलाच नाही. व्यवस्थापकांच्या नावाने बसून प्रमुखांनी माझ्या पाहुण्याच्या कार्डाला परवानगी दिली. मी जिना चढून गेलो आणि व्यवस्थापकांच्या केबिनला कार्ड लावले. दार टक् करून उघडले. आत ते फोनवर बोलत होते, त्यांच्या हातातला रिसीव्हर तसाच राहिला.

"तुम्हीच परवानगी दिलीत," मी म्हणालो. छापील कागदातही तेच आले. कारकुनाचे नाव कुठेही नव्हते. प्रोग्राम बसवणाऱ्यांनी ती सोय मर्यादा न घालताच सोडली होती, आणि कोणी तपासली नव्हती.

कारकून पाम गावचा, तिशीतला, नीटनेटका माणूस. "तू केलंस का," असे विचारले की नाही म्हणायला सोपे जाते. त्यामुळे मी चहा मागवला आणि विचारले, "पहिल्यांदा कोणाच्या नावाने बसलास?"

त्याने कप खाली ठेवला. "कँटीनच्या सायबांच्या."

"का?"

"होतंय काय ते बघायला. मग रोज एकेकाच्या नावाने बसायचो. काय घेतलं नाय सायेब, नुसतं बघायचो. आमी एकदा एका ठेकेदाराला हे बोललो, तो मागंच लागला. पाहुण्याचं कार्ड घेऊन आत तोच गेला."

"आणि बाईंचं नाव का घेतलंस?"

"त्या रजेवर होत्या ना. वाटलं, कॉम्प्युटर चुकला म्हणतील."

कॉम्प्युटर चुकला असे कोणीच म्हणाले नव्हते. सगळ्यांनी बाईंनाच चोर ठरवले होते.

ठेकेदाराच्या खोलीत पंचांसमक्ष बाटल्या मिळाल्या. बऱ्याचशा भरलेल्या होत्या. दोघांवर दोषारोपपत्र गेले. कारखान्याने घरी बसवलेल्या बाईंना परत कामावर बोलावले. नोटीस बोर्डावर दिलगिरी लावल्याशिवाय पाय ठेवणार नाही, असे त्यांनी कळवले. व्यवस्थापकांनी कुरकुर केली, पण लावली.

खटला पालघरच्या कोर्टात चालला. आरोपींच्या वकिलांनी तोच छापील कागद बाईंपुढे धरला. "हे नाव तुमचंच ना? हो की नाही, एवढंच सांगा."

"नाव माझं," बाई म्हणाल्या. "मी त्या वेळी आमच्या वाडीत जांभळं वेचत होते."

न्यायाधीशांनी लिहिणे थांबवून वर पाहिले, आणि तो जबाब शब्दशः नोंदवायला सांगितला.

कागद खोटे बोलत नाही असे मला नोकरीच्या सुरुवातीला शिकवले होते. तो कागद खोटा नव्हताच. काम कोणाच्या नावावर झाले एवढेच त्याला ठाऊक होते. ते कोणी केले, हे शोधायला पोलीस लागतो. पुढच्या नोकरीत कोणी सही किंवा नाव दाखवून अटकेची घाई केली, की मी आधी विचारायचो, हा माणूस त्या वेळी होता कुठे?