पाण्याचं भाडं

हिलाल बोरसे माझा शेजारी. आमच्या दोन घरांत एकच भिंत आहे आणि ती अर्धी त्याची, अर्धी माझी. मी सुरतेत लिंबायतच्या मराठी शाळेत मास्तर होतो. त्यामुळे गल्लीतले सगळे अर्ज, फॉर्म, पत्रं माझ्याकडेच यायची. शिकलेल्या माणसाला फुकटचा मान मिळतो आणि त्या मानापायी तो इतरांची वाट लावतो. हिलालच्या बाबतीत मी तेच केलं. ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की गुरुजींनी स्वतःला सोयीचं तेवढंच लिहिलं.

हिलाल खानदेशातला, शिंदखेड्याकडचा. विसाव्या वर्षी सुरतेला आला तो थेट लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात. बारा तासांची पाळी, एका वेळी आठ-आठ मशीन. त्या खडखडाटात माणसाचे कान लवकर जातात. हिलालशी बोलायचं तर ओरडून बोलावं लागायचं आणि तो मात्र हळू बोलायचा, कारण आपण किती मोठ्यानं बोलतो हे त्याला कळायचंच नाही. बायको अनुसयाबाई घरी साड्यांचे धागे कापायच्या. मूल एकच जगलं, सोनाली. भाड्याच्या एका खोलीत अठरा वर्षं काढली.

एकोणनव्वद साली गोडादऱ्याच्या अलीकडे उसाचं एक मोठं शेत मोडून प्लॉट पडले. ऑर्गनायझरने, म्हणजे प्लॉट पाडून विकणाऱ्याने, चुन्याच्या रेषा मारल्या, दोन खांब रोवून कमान उभी केली, झाली सोसायटी. बारा फूट बाय चाळीस फुटांचे प्लॉट, हप्त्यावर. हिलालच्या खात्यातली आणि आमच्या शाळेतली मिळून तीसेक माणसं घुसली. त्यात मी होतो, हिलालही होता.

कुणाला कोणता प्लॉट, हे चिठ्ठ्या टाकून ठरलं. मंडपात स्टीलचा डबा ठेवला आणि चिठ्ठी घरातल्या लहान पोराने काढायची असं ठरलं. अकरा वर्षांच्या सोनालीने हात घातला आणि कोपऱ्याचा प्लॉट काढला. दोन बाजूंना रस्ता! सगळ्यांचे डोळे विस्फारले. हिलालने तर तिला भर मंडपात खांद्यावर घेतलं. मी टेबलाशी फॉर्म भरत होतो. विचारलं, नाव कुणाचं लावू?

"पोरनंच नाव लिखा, गुरुजी. तिना हातले यश शे."

मी लिहिलं, सोनाली हिलाल बोरसे. छान वळणदार अक्षरात लिहिलं. वर शाबासकीही दिली, की याला म्हणतात सुधारलेला बाप. लेकीचं नाव लावताना ती एक दिवस लग्न होऊन दुसऱ्याच्या घरी जाणार, हे मंडपातल्या एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. आमच्यात लेकीला परक्याचं धन म्हणतात. मग ते परक्याचं धन आहे हे त्याच दिवशी कसे विसरलो कोण जाणे!

घर बांधायला पाच वर्षं लागली. सुट्टीच्या दिवशी हिलाल स्वतः विटा वाहायचा, अनुसयाबाई माल कालवायच्या. आधी खाली एक खोली आणि पत्रे, मग स्लॅब, मग वर एक खोली. सत्त्याण्णव साली सोनालीचं लग्न ठरलं. मुलगा धर्मेंद्र, गोडादऱ्यात राहणारा, इच्छापोरच्या कारखान्यात कंत्राटावर. मुलगा सरळ, बाप भटूभाऊ त्याहून सरळ. लग्नाआधी मी एकदा हळूच विषय काढला, की घराच्या कागदावर नाव बदलून घ्या. अनुसयाबाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी मांडवात अपशकुनाचं बोललो.

"लगीनना तोंडवर पोरनं नाव खोडतस का, गुरुजी? काही बी बोलतस तुम्ही!"

मी विषय सोडला. शेजाऱ्याला दोनदा शहाणपण शिकवलं की तो शेजारी राहत नाही.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात हिलालच्या छातीने दगा दिला. कापसाची आणि धाग्याची धूळ वर्षानुवर्षं फुप्फुसात गेलेली. डॉक्टर म्हणाले, खातं सोडा. तोवर आमच्या गल्लीचा नूरच पालटला होता. बिल्डर ओळीने घरं घेत होते, पाडत होते आणि त्या जागी चार-चार मजले चढवत होते. त्यांना सगळ्यात आधी कोपरा हवा असतो. हिलालच्या दारात माणूस आला, बाना, म्हणजे इसार, द्यायलाही तयार झाला. हिलाल खूश. घर विकायचं, गावी भावाशेजारी दोन खोल्या बांधायच्या आणि मोकळ्या हवेत उरलेलं आयुष्य काढायचं. अनुसयाबाईंनी तर गावच्या अंगणात तुळस कुठे लावायची तेही ठरवून टाकलं.

बिल्डरच्या माणसाने कागद मागितले. वेराबिल, म्हणजे घरपट्टीचं बिल, मागितलं. बिल गुजरातीत, म्हणून ते वाचायला माझ्याकडे आले. नाव होतं, बोरसे सोनालीबेन हिलालभाई. तो माणूस म्हणाला, बेनची सही लागेल.

हिलालला यात काही विशेष वाटलं नाही. आपलीच पोरगी, करेल सही. तो जावयाच्या घरी गेला, सोबत मीही गेलो. भटूभाऊंच्या घरात एक खोली आणि तिच्यात पाच माणसं. सोनालीने चहा ठेवला. हिलाल चहा पिणार नाही हे तिला ठाऊक होतं. आमच्याकडे लेकीला मूल होत नाही तोवर आईबाप तिच्या घरचं पाणीसुद्धा पीत नाहीत. तिने फक्त माझ्यापुढे कप ठेवला.

हिलालने विषय मांडला. भटूभाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं. मनात लोभ असता तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. भटूभाऊ मनापासून म्हणाले, "इकानं कसाले, याहीबुवा? तुम्ही दोन्ही जीव शे तवलोंग राहा ना तठे. तुमनीच आंडेरनं घर शे."

झालं! एवढं एकच वाक्य. इकानं म्हणजे विकायचं, आंडेर म्हणजे लेक. लेकीचं घर. यापूर्वी ते आमच्या गल्लीत कुणी उच्चारलं नव्हतं. धर्मेंद्रही म्हणाला, मामा, आम्ही पाच जण एका खोलीत राहतो, पण तुम्हाला कधी उठवणार नाही, फक्त विकू नका, उद्या आम्हालाच लागेल. त्याचं काय चुकलं? मला तेव्हाही सापडलं नाही, आजही नाही.

घरी आल्यावर त्याने अनुसयाबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी भरलेला तांब्या हातात घेतला होता, तो तसाच खाली ठेवला.

"आंडेरना घरनं पानी पेतस का कोनी?"

दुसऱ्या दिवसापासून अनुसयाबाई आमच्याकडे पाणी प्यायला येऊ लागल्या. आधी आम्हाला गंमत वाटली. माझी बायको मंदा म्हणाली, दोन दिवस चालेल. दोन दिवसांचे दोन महिने झाले. सकाळी चहाला आमच्याकडे, दुपारी तांब्या घेऊन आमच्या नळावर. स्वयंपाकाचं पाणीही आमचंच. त्याच पावसाळ्यात खाडीचं पाणी गल्लीत शिरलं, तेव्हा ही बाई गुडघाभर पाण्यातून डोक्यावर कळशी घेऊन माझ्या दारात उभी. चहूकडे पाणी आणि हिला प्यायला घोटभर चालत नव्हतं. मी चिडलो. म्हणालो, वहिनी, या घराच्या विटा हिलालने वाहिल्या, माल तुम्ही कालवला, हे पाणी तुमचं नाही तर कुणाचं? त्यांनी ऐकून घेतलं आणि कळशी भरून नेली.

हिलालची तर तोंड दाबून बुक्क्यांचा मार अशी गत. घर विकता येत नव्हतं. सोडून जावं तर जाणार कुठे? गावी जागा आहे, पण खोली बांधायला याच घराचे पैसे लागणार. खात्यात परत जावं तर छाती साथ देत नव्हती. जावयाला दोष द्यावा तर त्याने काही वाईट केलंच नव्हतं. आणि रोज संध्याकाळी बायको शेजारून पाणी आणते, हे गल्लीभर सगळ्यांना दिसत होतं. तो ओट्यावर बसून राहायचा. आधी कमी ऐकू यायचं, आता त्याने ऐकणंच सोडून दिलं.

दिवाळीनंतर एका दुपारी सोनाली एकटी माझ्याकडे आली. सासरी सांगून आली होती, की साडीला फॉल लावायला चालले. खुर्चीवर बसायच्या आत म्हणाली, "मी सही करी देस, गुरुजी. कुठे करनी ते सांगा."

मी भिंतीवर थाप मारून हिलालला बोलावलं. खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता. माझ्या हाताने झालेली चूक माझ्याच हाताने निस्तरेल असं वाटलं. कागद माझ्याकडे होता, शाई होती. हिलाल आला, लेकीकडे बघत उभा राहिला.

"सही करशी, आनि मंग? तठे जाईसनी काय सांगशी?"

सोनाली म्हणाली, बघू पुढचं पुढे. हिलालने मान हलवली. सासरच्यांना न विचारता सही केली तर ते तिला मारणार नाहीत, हाकलणार नाहीत, पण मग कुणी तिच्याशी धड बोलणारही नाही. लग्नाला दीड वर्ष झालेलं, पदरात मूल नाही. एका खोलीत पाच माणसं आणि त्यातली चार तिच्याशी अबोला धरून बसणार. हे बापाला दिसत होतं. शिवाय लेकीकडून घ्यायचं, हे त्याच्या रक्तातच नव्हतं. लेकीला द्यायचं असतं. अनवधानाने का होईना, दिलं गेलं. ते परत मागायचं म्हणजे दिलेल्या लुगड्याचा पदर ओढण्यासारखं.

"बाकी काहीच नको, गुरुजी," तो म्हणाला, "फक्त हाई पानीनं काहीतरी करा."

आणि मग उपायही त्यानेच सुचवला. भाड्याच्या खोलीत अठरा वर्षं राहिलो, म्हणाला, मालक कोण, कुठल्या जातीचा, कधी विचारलं नाही. भाडं दिलं की पाणी आपलं. तर मग लेकीला भाडं देऊ. भाडेकरूला कसली आडकाठी?

मी हसलो. नंतर लक्षात आलं, तो गंभीर आहे.

धर्मेंद्रला आणि भटूभाऊंना विचारलं. त्यांना अवघडल्यासारखं झालं, पण घर विकलं जात नाही एवढं पुरेसं होतं. महिन्याला शंभर रुपये ठरले. मी कचेरीबाहेरून छापील भाडेकरार आणला आणि माझ्याच घरी बसून भरला. घरमालकीण सोनालीबेन. भाडेकरू हिलालभाई. मग कायद्याप्रमाणे एकेक अट मराठीत वाचून दाखवली. भाडेकरू वेळेवर भाडं देईल. भाडेकरू पोटभाडेकरू ठेवणार नाही. भाडेकरू मालकाच्या परवानगीशिवाय भिंतीला खिळा ठोकणार नाही.

हिलाल प्रत्येक अटीला मान डोलावत होता. खिळ्याच्या अटीला सोनालीने तोंडात पदर कोंबला. त्या घरातली प्रत्येक वीट ज्याने ठेवली त्याला मी विचारत होतो, की समजलं ना, खिळा ठोकायचा नाही! मला स्वतःची शिसारी आली, तरी मी वाचत राहिलो.

त्याने सही केली, तिने सही केली. अनुसयाबाईंनी पहिलं भाडं लेकीच्या हातात ठेवलं आणि तडक स्वतःच्या घरी गेल्या. नळाखाली पेला धरून एकामागून एक तीन पेले पाणी प्यायल्या. मंदाने ते खिडकीतून पाहिलं आणि मला येऊन सांगितलं. सात महिन्यांनी त्या घरात कुणाची तरी तहान भागली होती.

पुढच्या वर्षी आखाजी आली. आमच्या खानदेशात हा लेकींचा सण. सासरी कितीही ओढाताण असो, आखाजीला पोरगी माहेरी येते, झोके घेते, भांडण झालं तर आईच्या गळ्यात पडून रडते, चार दिवस कुणाची सून नसते. सोनाली पिशवी घेऊन आली. मी ओट्यावर पेपर वाचत होतो.

दार उघडं होतं. तिची चाहूल लागताच हिलाल घाईघाईने उठला. बसायची प्लास्टिकची खुर्ची पंच्याने पुसून पुढे ठेवली. अनुसयाबाई आतून आल्या, पदर नीट करत. भिंतीचा रंग गेलाय, म्हणाल्या, विचारल्याशिवाय लावला नाही. हिलालने खिशातून शंभराची नोट काढली आणि दोन्ही हातांनी पुढे केली. तिने उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायच्या आधीच.

सोनाली पिशवी हातात धरून तशीच उभी राहिली. नोटेकडे बघितलं, खुर्चीकडे बघितलं.

"माले घर भेटनं, आप्पा," ती म्हणाली. "माहेर गयं."

ती मोठ्याने बोलली नव्हती, पण एवढं मात्र हिलालला ऐकू गेलं. त्याचा हात खाली आला नाही.

"घेई ले, बेटा," तो म्हणाला. "नहीते तुनी माय परत पानी सोडी दी."

सोनालीने नोट घेतली.